थोरलीचं नाव

जुई सरनाईकनं ठेवलेलं शेवटचं नाव होतं 'भामिनी'. त्यानंतर कंपनीनं पात्रांना नावं ठेवायला यंत्र आणलं आणि तिच्या हातचं ते काम गेलं. "नावं ठेवायला आपल्या लोकांना कधीपासून यंत्र लागायला लागलं?" असं तिचा नवरा निनाद म्हणाला. त्यावर ती हसली खरी, पण रात्रीचं जेवण तिला गेलं नाही.

कोल्हापूरबाहेरच्या माळावर 'नादरंग' या मालिका कंपनीचा स्टुडिओ होता. जुई तिथं लेखिका होती, आणि पात्रांना नाव द्यावं तर तिनंच, असा तिचा लौकिक होता. नवी मालिका ठरली की फळ्यावर पात्रांची वर्णनं लिहिलेली असत आणि नावांच्या जागा कोऱ्या. जुई दोन-तीन दिवस कुणाशी धड बोलत नसे, चहात साखर घालायची विसरे, आणि मग एकदम येऊन मुख्य लेखकाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगे. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायका धपके घालतात, तसे बाकीचे लेखक तिच्या पाठीत धपाधप धपके घालत. एकदा तर तिची पाठ काळीनिळी झाली होती. यंत्र आलं तेव्हा तिला पहिला विचार सुचला तो हा, की याला धपका घालायचा तर घालणार कुठं? याला पाठच नाही.

शोध तसा जुनाच होता. नवी होती ती फक्त हाव.

ओळखीचं नाव कानावर पडलं की मन काही म्हणायच्या आत शरीर त्याची दखल घेतं. हृदयाचा एखादा ठोका किंचित रेंगाळतो, पुढचे घाईनं पडतात, आणि तळहाताला आपल्याला कळणारही नाही इतका बारीक घाम फुटतो. कारण डोक्यात नावं सुटी नसतात. प्रत्येक नावाला एखादा माणूस चिकटलेला असतो, त्या माणसाला एखादं भांडण, नाहीतर एखाद्या एसटी स्टँडवरची संध्याकाळ. आता साठी उलटलेल्या प्रत्येकाच्या आणि बऱ्याच तरण्यांच्याही मनगटाला नाडी नि घाम मोजणारं घड्याळ आलंच होतं. 'नामवेध' नावाचं ते यंत्र त्या घड्याळाशी बोलत असे.

'सोनवाडीची सून' ही मालिका त्यासाठीच रचली होती. पहिला भाग यात्रेचा. यात्रेत हरवलेल्या माणसांची नावं लाऊडस्पीकरवरून पुकारतात, तशी त्या भागात नावं पुकारली जात होती. ही कल्पना जुईचीच. बघणाऱ्याचं वय, जिल्हा, तालुका पाहून यंत्र नावं निवडी आणि कोणत्या नावाला काळीज सगळ्यात जास्त हललं ते टिपून ठेवी. तेच नाव मग त्या माणसापुरतं मालिकेतल्या मुख्य बाईला मिळे. पात्रं संगणकानंच घडवलेली, त्यामुळे माणसागणिक ओठ आणि आवाज वेगळे जुळवणं काही अवघड नव्हतं. संहितेत त्या बाईला नावच नव्हतं. नुसतं 'थोरली' असं लिहीत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तोंडानं फटकळ, दिराला रडवणारी, जावेला रस्त्यावर आणणारी. महाराष्ट्रात जो तो तिला शिव्या घालत होता, आणि जो तो वेगळ्या नावानं.

मग व्हायचं तेच झालं. कुणाच्या घरी थोरलीचं नाव ऑफिसातल्या साहेबीणबाईंचं निघालं, कुणाच्या घरी धाकट्या जावेचं. नाव ज्याचं त्यालाच ऐकू यावं म्हणून लोक कानात इअरफोन घालत, पण इचलकरंजीचा एक गृहस्थ तो घालायला विसरला, बायकोनं 'पल्लवी' हे नाव ऐकलं आणि तीन दिवस त्याच्या घरी चूल पेटली नाही. नवरे मंडळी घड्याळ काढून मालिका बघू लागली, तर बायका विचारू लागल्या, घड्याळ का काढलं? यंत्र तसं भोळं होतं. काळीज हललं एवढंच त्याला कळे. ते प्रेमानं हललं, धास्तीनं की लाजेनं, याचा त्याला पत्ता नसे. जुईच्या घड्याळाला थोरलीचं कुठलं नाव सापडलं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. आपणही विचारू नये.

एक नियम मात्र यंत्राला पक्का घालून दिला होता. बघणाऱ्याचं स्वतःचं नाव कधी वापरायचं नाही. भर बाजारातल्या गोंगाटात, अगदी झोपेतसुद्धा माणसाला ऐकू येतं ते स्वतःचं नाव, आणि त्यापुढं बाकी कुठल्याही नावाचा हिसका फिका. म्हणून प्रत्येकाच्या नोंदीतलं नाव आधीच बाजूला काढून ठेवलं जाई.

याच सुमारास घरी सासूबाईंचं काहीतरी बिनसलं.

जुई त्यांना आईच म्हणे. बहात्तर वर्षांच्या, सासरे गेल्यापासून राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये मुला-सुनेबरोबर राहणाऱ्या, शांत बाई. हृदयात जाळी बसवलेली. एरवी संध्याकाळी देवापुढं दिवा लावून मटार सोलत बसणाऱ्या त्या आता गॅलरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत येरझाऱ्या घालू लागल्या. आमटीत दोनदा मीठ पडलं. "आई" म्हणून हाक मारावी तर तीन हाकांशिवाय त्यांचं लक्ष जाईना. मालिकेच्या वेळी त्या आपल्या खोलीचं दार लावून घेत आणि त्याच वेळी त्यांचं घड्याळ पिकपिक वाजू लागे. डॉक्टरांनी मापं पाहिली आणि सांगितलं की ठोके अधूनमधून भरकटतायत, यांना कशाचा तरी घोर लागलाय, तो आधी काढा.

घोर कशाचा, ते जुईला कळलं एका शुक्रवारी. आईंना कानात काही खुपसलेलं सोसत नसे, आणि त्या दिवशी दार नीट लागलं नव्हतं. आतून मालिकेतल्या दिराचा, रागात 'वहिनी' विसरलेला आवाज आला, "वेणू, किल्ल्या दे." आणि थोरलीचं उत्तर, जुईनंच लिहिलेलं, "हात लावून बघ."

कोण ही वेणू, जिच्या नावानं आईंचं काळीज इतकं हलतं? जुईनं जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं. आईंच्या हातातला घास तसाच राहिला. "कोण न्हाई. असंच आपलं," म्हणाल्या आणि ताटावरून उठल्या. निनादला विचारलं तर तो बराच वेळ आठवत बसला. आजोळी मामा कधीतरी आईला वेणूताई म्हणत असे, पण मामा तो लहान असतानाच गेला, आजोळही मोडलं. ते लाडाचं नाव असावं असं त्याला वाटत आलं होतं. आईचं नाव स्मिता, हे तर सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणजे कागदावर होतं. तसं स्मिता म्हणून तिला हाक मारणारंही आता कुणी उरलं नव्हतं.

सोमवारी ऑफिसात पाय ठेवला तर यंत्र विभागाचा इम्तियाज बागवान तिची वाटच बघत होता. त्याला एक विचित्र गोष्ट दिसली होती. पासष्टीच्या पुढच्या कितीतरी बायकांच्या घड्याळांनी थोरलीच्या नावाला असा हिसका दाखवला होता, जो फक्त स्वतःच्या नावालाच बसतो. त्यानं घड्याळं तपासली, ती चांगली होती. नोंदी तपासल्या, त्याही बरोबर. प्रत्येकीचं नाव नियमाप्रमाणे बाजूला काढलेलं होतं.

जुईला निनादच्या मामाची 'वेणूताई' आठवली. तिनं विचारलं, नोंदीत लग्नानंतरचं नाव आहे ना? इम्तियाजला आधी कळेचना. आडनाव बदलतात हे त्याला माहीत होतं. जुईनं सांगितलं की त्या पिढीत पुष्कळ घरी लग्नात मुलीचं नावही बदलत. नवऱ्याला आवडेल ते, नाहीतर सासरी त्याच नावाची नणंद असेल म्हणून, नाहीतर मुलीचं नाव जुनाट वाटलं म्हणून.

"आमच्यात असं करत नाहीत, ताई," इम्तियाज म्हणाला. "अख्खं नाव बदललं तर हाक कुणाला मारली हे त्या बाईला कळायचं कसं?"

जुईच्या डोळ्यांपुढं पुढच्या सोमवारचा भाग होता. त्या भागात थोरली मरणार होती. जुईनंच लिहिलं होतं ते, आणि मरणही असं की बघणाऱ्याला बरं वाटावं: कोठीच्या खोलीत, आतून कडी लावलेली, कुणी हाक मारत नाही, कुणी शोधत नाही. हजारो म्हाताऱ्या बायका स्वतःच्या नावाच्या बाईला तसं मरताना बघणार होत्या. त्यांतली एक तिच्या घरात होती, हृदयात जाळी बसवलेली.

कंपनीच्या वरच्या लोकांना तिनंच जाऊन सांगितलं. त्यांना बायकांची काळजी कमी आणि खटल्याची जास्त होती, पण त्यांनी ऐकलं. त्या सगळ्या बायकांच्या मालिकेत थोरलीचं नाव सोमवारच्या आत बदलायचं ठरलं, दुसऱ्या क्रमांकाच्या हिसक्याचं नाव घालून. जुईला मात्र सोमवारपर्यंत धीर नव्हता. आधी एका घरी करून बघू, असं म्हणत तिनं इम्तियाजला गळ घातली आणि त्याच संध्याकाळी आईंच्या थोरलीचं नाव बदलून घेतलं. घरी येताना तिला हलकं वाटत होतं. मोठं संकट टाळलं, असंच तिला वाटत होतं, आणि तिच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही तसंच वाटलं असतं.

मालिका सुरू झाल्यावर थोड्याच वेळात आईंच्या खोलीतला टीव्ही बंद झाला. जुई आत गेली. आई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. घड्याळ वाजत नव्हतं. ठोके अगदी सरळ, शहाण्यासारखे पडत होते. आईंचा चेहरा मात्र कुणाची तरी माती करून आल्यासारखा दिसत होता.

"तिला मंदाकिनी म्हणायला लागलेत," त्या म्हणाल्या. "का गं?"

जुईला खोटं बोलवलं नाही. तिनं सगळं सांगितलं, यंत्र, घड्याळ, हिसका, नोंदीतलं नाव. "मीच बदलायला लावलं, आई. पुढच्या सोमवारी ती मरणार आहे. तुमच्याच नावाची बाई तशी मरताना तुम्ही बघायची, मला भीती वाटली."

"मरू दे की," आई म्हणाल्या. "माणूस मरायचंच. पण तिचं नाव काढून घेऊ नको. एकदा काढून घेतलंय."

मग त्या बोलत राहिल्या, जुईकडे न बघता, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. गडहिंग्लजकडच्या खेड्यातली वेणू. सायकलवरून तालुक्याला कॉलेजात जाणारी, बोलायला फटकळ, मास्तरांना न भिणारी. लग्न झालं, घरात आल्यावर ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात नाव लिहिलं. मुंडावळ्यांतून तिला ते नीट दिसेना, म्हणून नणंदेनं वाचून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, तीही हसली. दुसऱ्या दिवशी त्याच ताटातले तांदूळ निवडून तिनं सगळ्यांसाठी भात लावला.

"वाईट काही न्हवतं गं. माणसं चांगली होती. हे तर फारच चांगले. म्हणून तर कुणाला बोलायची सोय न्हवती." त्यांनी पदराची गुंडाळी सोडली. "पण वेणूचं पुढं काय झालं, ते मला कुणी सांगितलंच न्हाई. पहिल्याच दिवशी यात्रेत पुकारलं, वेणू, जिथं असशील तिथून ये. मी उभीच राहिले बघ. ती थोरली वाईट हाय, मला कळतंय की. पण ती वेणू हाय. तिचं काय होतंय ते मला शेवटपर्यंत बघू दे."

जुईला रडू आलं आणि ते तिनं लपवलं नाही. आईंना वाचवायला म्हणून तिनं जे केलं होतं, ते त्या अंगठीनं केलं त्याहून वेगळं नव्हतं. आईंना तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं आणि आत्ताही नाही.

निनाद म्हणाला, मालिकाच बंद करा, आईच्या जिवाशी खेळ नको. त्यावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं. त्याचं चूक नव्हतं, म्हणूनच तिला जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेली ती निर्णय घेऊनच. आधी तिनं इम्तियाजला सांगून आईंच्या थोरलीचं नाव पुन्हा वेणू करून घेतलं. नावं यंत्र ठेवत असलं तरी गोष्ट लिहायला अजून माणूसच लागत होतं. यंत्रानं लिहिलेल्या भागांवर प्रेक्षक पेंगत, हे कंपनीनं पैसे घालवून अनुभवलं होतं. जुईनं सांगितलं की थोरलीच्या मरणाचा भाग तिनं मागं घेतलाय आणि नवा भाग तेव्हाच मिळेल, जेव्हा त्या प्रत्येक बाईला विचारलं जाईल. थोरलीचं नाव हेच राहू दे, की बदलू? एवढाच प्रश्न, रोज भाग सुरू व्हायच्या आधी पडद्यावर.

वरच्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेव्हा इम्तियाज म्हणाला, विचारायला आपलं काय जातंय? त्यावर कंपनीच्या वकिलाचे डोळे चमकले. संमती घेतली की पुढं काही झालं तरी जबाबदारी आपली नाही, असं त्यानं पटवून दिलं. चांगली गोष्ट कधीकधी अशी मागच्या दारानं आत येते.

उत्तरं येऊ लागली तसा इम्तियाज ती एकेक करून जुईला वाचून दाखवू लागला. काहींनी बदला म्हणून सांगितलं. एकीनं तर उत्तरासोबत बोलून ठेवलं होतं, मला ती पोरगी आठवायची नाही. पण बहुतेक सगळ्यांनी राहू दे म्हटलं होतं. काहींनी बटण दोन-दोनदा दाबलं होतं, न जाणो, पहिल्यांदा पोचलं नसेल तर.

जुई तो भाग नव्यानं लिहायला बसली. पुन्हा पूर्वीसारखी ती कुणाशी धड बोलेना, चहात साखर विसरू लागली. थोरलीला वाचवावं असा मोह तिला झाला, आणि तिनं तो आवरला. आईंनी तसं मागितलं नव्हतं. त्यांना नावानं हाक मारावी असंही तिच्या मनात येऊन गेलं, पण सून सासूला नावानं हाक मारते थोडीच. जीभच उचलली नसती. ते काम दुसऱ्या कुणाला तरी सांगायला हवं होतं.

सोमवारी आईंनी खोलीचं दार लावलं नाही. हॉलमधल्या मोठ्या टीव्हीपुढं बसल्या, घड्याळ घालून, नवी साडी नेसून. पडद्यावर तो प्रश्न पुन्हा आला तेव्हा त्यांनी तो सावकाश वाचला आणि रिमोटवर 'राहू दे'चं बटण दाबलं. निनाद जिभेखाली ठेवायची गोळी मुठीत धरून शेजारी बसला होता. जुईला बसवत नव्हतं. ती सोफ्यामागं उभी राहिली, मग खिडकीशी गेली, मग पुन्हा सोफ्यामागं आली.

कोठीची खोली आता नव्हती. पुन्हा तीच यात्रा होती, गुलाल, गर्दी, ढोल. सगळ्यांशी भांडून एकटी आलेली थोरली देवळाच्या पायरीवर बसली होती आणि तिचा श्वास लागत होता. लोक तिच्या शेजारून जात होते. किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातातून सुटून पायरीवर पडला. आईंचं घड्याळ वाजू लागलं. निनाद अर्धा उठला. जुईनं मागून त्याचा खांदा दाबून धरला.

मग लाऊडस्पीकर खरखरला. एरवी तिथून पुकारतात ते अमक्याची बायको, तमक्याची आई असं. जुईनं तसलं काहीच लिहिलं नव्हतं. फक्त नावाची कोरी जागा सोडली होती.

"वेणू. जिथं असशील तिथून ये. कमानीपाशी तुझी माणसं वाट बघतायत. वेणू."

थोरलीनं डोळे उघडले. तिचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. गर्दीवरून पुन्हा हाक आली. थोरलीची मान हळूच पायरीला टेकली. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा तिच्यात उत्तर द्यायला कुणी उरलं नव्हतं.

"ओ," आई म्हणाल्या.

चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, शेजारच्या फ्लॅटपर्यंत ऐकू जाईल अशा. मग थोडं थांबून, जरा हळू, "आले."

घड्याळ आणखी थोडा वेळ वाजलं. पिकपिक विरळ होत गेली आणि थांबली. आईंनी पदरानं डोळे पुसले, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चहा टाकते म्हणून स्वयंपाकघराकडं निघाल्या. जाता जाता सोफ्यामागं उभ्या असलेल्या जुईपाशी थांबल्या, आणि बारशाला आत्याच्या पाठीत घालतात तसा एक सणसणीत धपका त्यांनी तिच्या पाठीत घातला.